डिस्चार्जनंतरचे नव्वद दिवस: अचानक बिघडलेली किडनी कायमची आजारी पडू नये म्हणून

सातारा-सांगलीकडे किडनी अचानक बंद पडण्याची कारणं ऋतूप्रमाणे बदलतात. उन्हाळ्यात माण, खटाव, जत, आटपाडीत रानात राबताना अंगातलं पाणी आटतं. आषाढीच्या आधी पालखीबरोबर लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असं चालताना जुलाब लागतात आणि त्यातच पायदुखीच्या गोळ्या पोटात जातात. पावसाळ्यात पाटण, शिराळ्याच्या भातखाचरात लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप होतो, घोणस चावते. २०१९ आणि २०२१ सारखा कृष्णेचा पूर आला की उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून माणसं दिवसदिवस चालतात. हिवाळ्यात ऊसतोड सुरू होते, आणि कंबर धरली की डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन ठरलेलंच असतं. याशिवाय बाळंतपणातला रक्तस्राव, अडकलेला मुतखडा आणि रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग ही कारणं बारमाही आहेत.

पुढचा प्रकार मात्र बहुतेक घरी एकसारखाच होतो. सलाईन, अँटिबायोटिक, कधी चार-पाच वेळा डायलिसिस. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, ५ वरून १.५ वर येतं, लघवी सुटते, सुट्टी मिळते. फाइल कपाटावर जाते आणि माणूस कामाला लागतो. चार-पाच वर्षांनी पाय सुजतात, बीपी वाढलेलं निघतं, क्रिएटिनिन ४ असतं, आणि मधल्या काळातला एकही रिपोर्ट घरात सापडत नाही. ही मधली जागा भरून काढता येते. त्यासाठी दवाखान्यातून बाहेर पडल्यापासूनचे पहिले तीन महिने सर्वांत मोलाचे आहेत.

आत नेमकं काय घडतं

एका किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन असतात. प्रत्येक नेफ्रॉनमध्ये रक्त गाळणारी जाळी आणि तिच्या पुढे एक लांब, वळणावळणाची नळी असते. गाळलेल्या पाण्यातलं मीठ, साखर आणि बाकीचे उपयोगी पदार्थ परत रक्तात ओढण्याचं काम ही नळी करते. या कामाला प्राणवायू फार लागतो, आणि नळीचा काही भाग किडनीच्या अशा पट्ट्यात असतो जिथे एरवीही प्राणवायू बेताचाच पोचतो. म्हणून बीपी पडलं, पाणी आटलं किंवा विष आलं की पहिला मार नळीच्या पेशींना बसतो. त्या मरतात, सुटून नळीतच अडकतात आणि लघवी कमी होते.

उरलेल्या पेशी दुभागतात, उघडी पडलेली जागा झाकतात आणि नळी पुन्हा चालू होते. इजा उथळ असेल आणि एकदाच झाली असेल तर दुरुस्ती चांगली होते. इजा खोल असेल, बरेच दिवस टिकली असेल किंवा भरत असतानाच दुसरा मार बसला असेल, तर काही पेशी दुभागता दुभागता मध्येच अडकतात. त्या मरतही नाहीत आणि कामही करत नाहीत. नुसते दाहाचे आणि 'इथे भर टाका' असे संदेश सोडत राहतात. त्या संदेशांमुळे नळ्यांभोवती कठीण धाग्यांचा व्रण साठू लागतो. शेजारच्या बारीक केशवाहिन्या विरळ होतात, त्यामुळे प्राणवायू आणखी कमी पोचतो आणि आणखी पेशी जातात. मूळ आजार केव्हाच बरा झालेला असतो, पण आतलं हे चक्र चालूच राहतं.

यात दुसरी अडचण भारवाटणीची आहे. द्राक्षबागेत ठिबकच्या नळीवरचे निम्मे ड्रिपर चोंदले आणि मोटार तेवढ्याच जोराने चालू राहिली, तर उरलेल्या ड्रिपरमधून पाणी जोरात येतं. त्या दिवशी बाग भिजलेली दिसते, पण ते ड्रिपर लवकर खराब होतात. किडनीत तसंच होतं. वाचलेले नेफ्रॉन जास्त दाबाने रक्त गाळतात, म्हणून क्रिएटिनिन बरं दिसतं. त्या दाबाने जाळ्या ताणतात, त्यांतून प्रोटीन झिरपतं, बीपी वाढतं आणि हळूहळू त्याही निकामी होतात. यातलं काहीही दुखत नाही. म्हणून 'आता काही त्रास नाही' या वाक्यावर विसंबू नये.

धोका सगळ्यांना सारखा नसतो. आधीपासून मधुमेह किंवा बीपी असलेले, साठीच्या पुढचे, डायलिसिस लागलेले, मूळच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त क्रिएटिनिन झालेले, किडनी तीन दिवसांपेक्षा जास्त मंद राहिलेले आणि ज्यांना हे दुसऱ्यांदा झालंय, अशांनी पुढची प्रत्येक तपासणी काटेकोर करावी.

सुट्टीच्या दिवशी मागून घ्यायच्या गोष्टी

डिस्चार्ज कार्डावर बहुधा निदान आणि औषधं लिहिलेली असतात. पुढच्या डॉक्टरला त्याहून जास्त माहिती लागते. आजारापूर्वीचं क्रिएटिनिन किती होतं, सर्वांत जास्त किती झालं, सुट्टीच्या दिवशी किती होतं, किडनीला इजा कशाने झाली, डायलिसिस किती वेळा झालं, सोनोग्राफीत किडन्यांची लांबी किती, सुट्टीच्या दिवशीचं वजन किती, आणि आधीची कोणती औषधं थांबवली व ती कधी सुरू करायची, हे सगळं लिहून मागा. शेवटचा मुद्दा हटकून राहतो, आणि त्याचे परिणाम वाईट होतात.

आजारापूर्वीचा आकडा कुठेच नसेल तर जुना शोध घ्या. विम्याची तपासणी, गावातलं आरोग्य शिबिर, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीचं रक्त, बाळंतपणाची फाइल, यांपैकी कुठेतरी क्रिएटिनिन सापडतं. तो एक आकडा नसेल तर आताचा १.४ नवा आहे की जुनाच, हे कुणालाच सांगता येत नाही. सोनोग्राफीचाही इथे उपयोग होतो. मोठ्या माणसाची किडनी साधारण ९ ते १२ सेंटिमीटर असते. दोन्ही लहान आणि आक्रसलेल्या दिसल्या तर दुखणं आधीपासूनचं होतं आणि ताज्या आजाराने फक्त ते उघडं पडलं, असा अर्थ बहुतेक वेळा निघतो.

तपासण्यांचं वेळापत्रक

पहिली तपासणी सुट्टीनंतर आठवड्याभरात करा. इजा मोठी असेल तर तीन-चार दिवसांतच. क्रिएटिनिन, पोटॅशियम, सोडियम, बीपी आणि वजन एवढं पुरतं. दुसरी महिन्याने, आणि तिसरी बरोबर तीन महिन्यांनी. या तिसरीला कितीही बरं वाटत असलं तरी दांडी मारू नका, कारण आजाराचं नाव याच दिवशी ठरतं. इजा झाल्यापासूनचे पहिले सात दिवस हा किडनीच्या अचानक इजेचा काळ मानतात. सात ते नव्वद दिवस भरून येण्याचा काळ असतो. नव्वद दिवसांनंतरही दोष शिल्लक असेल तर त्याला दीर्घकालीन किडनीविकार म्हणतात.

तीन महिन्यांनी दोन आकडे एकत्र बघायचे: रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या ताकदीचा अंदाज, आणि लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे एसीआर. ईजीएफआर ६० च्या खाली किंवा एसीआर ३० (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) च्या वर, यांपैकी एकही गोष्ट असली तरी किडनी पूर्ण भरलेली नाही. एसीआर ३०० च्या वर असेल तर किडनीतज्ज्ञाला दाखवणं लांबवू नका. लॅबमध्ये नुसतं 'लघवी तपासा' म्हटलं की साधी पट्टीची तपासणी होते आणि थोडं अल्ब्युमिन तिच्यात निसटतं. म्हणून 'एसीआर' असं चिठ्ठीवर लिहून घ्या. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा द्या. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा मासिक पाळी चालू असेल, किंवा आदल्या दिवशी फार कष्टाचं काम झालं असेल, तर आकडा खोटा वाढतो. आठवडाभर थांबून द्या.

क्रिएटिनिन वाचताना लॅबच्या 'नॉर्मल' कंसावर जाऊ नका. १.२ हा आकडा पंचवीस वर्षांच्या तरुणाला असेल तर ईजीएफआर ८६ च्या आसपास येतो. साठ वर्षांच्या बाईला तोच १.२ असेल तर ५२ येतो, म्हणजे ती दीर्घकालीन आजाराच्या रेषेखाली असते. आजारापूर्वी ०.९ असलेल्या पन्नाशीच्या पुरुषाचं १.४ वर स्थिरावलं तर 'अर्ध्याचाच तर फरक' असं वाटतं, पण गाळण्याची ताकद १०४ वरून ६१ वर आलेली असते.

आणखी एक चकवा सर्वांत जास्त फसवतो. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. तीन आठवडे अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या मांड्या-दंड उतरतात, त्यामुळे किडनी सुधारली नसली तरी क्रिएटिनिन कमी दिसतं. तीन महिन्यांनी अंगात भरलं की आकडा वर जातो आणि घरचे घाबरतात. वजन आठ-दहा किलो उतरलं असेल तर डॉक्टरांना सिस्टॅटिन सी या तपासणीबद्दल विचारा, ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. आणि दवाखान्यात रोज क्रिएटिनिन वरखाली होत असताना छापून आलेला ईजीएफआर बाजूला ठेवा. आकडा स्थिर असतानाच त्या गणिताला अर्थ असतो.

गोळ्यांची पिशवी

दुसरा मार बहुतेक वेळा मेडिकलच्या काउंटरवरून येतो. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसेक्लोफिनॅक, निमेसुलाइड ही नावं पाठ करा आणि बंद करा. अंगात पाणी कमी असताना जाळीपर्यंत रक्त आणणारी बारीक धमनी उघडी ठेवण्यासाठी किडनी स्वतःची रसायनं तयार करते. या गोळ्या नेमकी तीच रसायनं बंद करतात. एरवी धडधाकट माणसाला दोन गोळ्यांनी काही होत नाही. उन्हात घामाघूम झालेल्या आणि भरत असलेली किडनी घेऊन फिरणाऱ्या माणसाला दोन पुरतात. त्यात बीपीची 'प्रिल' किंवा 'सार्टन' गटातली गोळी आणि लघवीची गोळी असेल तर तिन्ही बाजूंनी कोंडी होते. पाकिटाच्या मागची घटकांची ओळ वाचा. 'पॅरासिटामॉलच आहे' म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ गोळ्यांत ॲसेक्लोफिनॅक मिसळलेलं असतं. नुसतं पॅरासिटामॉल चालतं: ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास, दिवसात एकूण तीन ग्रॅमच्या आत. लिव्हरचा आजार किंवा रोजची दारू असेल तर आधी विचारा. कंबर-गुडघ्याला शेक, आराम आणि व्यायाम यांना कंटाळू नका.

गॅसच्या गोळीकडे कुणाचं लक्ष जात नाही. दवाखान्यात सुरू झालेलं पँटोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोल घरी महिनोन्‌महिने चालू राहतं. या गोळ्यांमुळे काहींच्या किडनीत ॲलर्जीसारखी सूज येते आणि ती लपून राहते. 'ही किती दिवस घ्यायची?' असं पहिल्याच भेटीत विचारा.

भस्मं आणि नाव नसलेल्या पुड्यांबद्दल आम्ही ठाम आहोत. त्यांत पारा, शिसं असू शकतं आणि ते किडनीला इजा करतं. देणारा ओळखीचा आणि चांगला माणूस असला तरी पुडीत काय आहे हे त्यालाही ठाऊक नसतं. जिमचं क्रिएटिन आणि प्रोटीन पावडर या तीन महिन्यांत नको. सीटी स्कॅनचं रंगाचं इंजेक्शन किंवा जेंटामायसिन, ॲमिकासिन ही अँटिबायोटिक यांची वेळ आली तर 'किडनीला नुकतीच इजा झालीय' हे आपण होऊन सांगा. जीव वाचवण्यासाठी लागत असेल तर ती द्यावीच लागतात, पण मात्रा आणि सलाईन ठरवताना डॉक्टरांना ते माहीत हवं.

आता नेमकी उलटी चूक. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन या गोळ्या आजारात थांबवतात आणि ते बरोबरच असतं. पण पुष्कळ रुग्ण त्या 'किडनीला वाईट' समजून कायमच्या सोडतात. लघवीतून प्रोटीन जात असेल किंवा हृदय कमजोर असेल तर जाळीवरचा दाब कमी करून किडनी वाचवणारी औषधं हीच आहेत. बीपी आणि क्रिएटिनिन स्थिरावलं की त्या पुन्हा सुरू करण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. सुरू केल्यावर एक ते दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासा. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर बहुतेक वेळा गोळी चालू ठेवतात. त्याहून जास्त वाढलं किंवा पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या गोळीची मात्रा ईजीएफआरवर ठरते, ३० च्या खाली ते बंद करतात.

जुलाब-उलट्या, कडक ऊन, ताप

भरत असलेल्या किडनीला एका दिवसाचे जुलाबही महागात पडतात. म्हणून डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या: खाणं-पिणं बंद झालं, दिवसात तीन-चारपेक्षा जास्त जुलाब झाले किंवा उलट्या थांबत नसल्या, तर कोणत्या गोळ्या थांबवायच्या. या यादीत सहसा लघवीची गोळी, प्रिल-सार्टन, मेटफॉर्मिन आणि मधुमेहाच्याच डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या असतात. इन्सुलिन पूर्ण बंद करू नये, मात्रा विचारून बदलावी. नीट खाणं-पिणं सुरू होऊन २४ ते ४८ तास झाले की गोळ्या परत सुरू. थांबवल्याचं लक्षात राहतं, सुरू करायचं विसरतं. कॅलेंडरवर खूण करा.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवा. अर्ध्या तांब्यात अख्खं पाकीट टाकलं तर मिठाचं प्रमाण बिघडतं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा.

पाणी, मीठ, बीपी

'भरपूर पाणी प्या' हा सल्ला सगळ्यांना देऊ नये. सूज नसेल, लघवी चांगली होत असेल आणि डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल तर दोन ते अडीच लिटर, उन्हातल्या कामाला त्याहून जास्त. पाय सुजलेले असतील किंवा लघवी दिवसाला ४०० मिलिलिटरच्या आत असेल तर तेच पाणी फुप्फुसात उतरतं. काहींना बरं होताना उलट दिवसाला तीन-चार लिटर लघवी होते. तेव्हा पाणी आवरलं तर किडनी पुन्हा कोरडी पडते. म्हणून पहिले दोन आठवडे सकाळी लघवीनंतर, चहाच्या आधी, एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहा. दिवसात एक किलो वाढलं तर पाणी साठतंय. तेवढंच उतरलं आणि उठताना चक्कर आली तर पाणी कमी पडतंय.

मीठ दिवसाला माणशी पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यात आमटी-भाजीतलंही आलं. खर्डा, लोणचं, पापड आणि भडंग यांनी हा हिशोब ताटाबाहेरच संपतो. 'लो सोडियम' मीठ वापरू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि मंद किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. शहाळ्याचं तसंच, पोटॅशियमचा रिपोर्ट बघून ठरवा. डाळ, अंडी, दूध मात्र सोडू नका. आजारात गेलेलं मांस भरून यायला प्रोटीन लागतं, आणि नुसत्या भाकरी-चटणीवर ठेवलेला रुग्ण अशक्तच राहतो. डायलिसिस चालू नसेल तर वजनाच्या किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम रोज. डायलिसिसवर असणाऱ्यांना याहून जास्त लागतं.

बीपीचं लक्ष्य बहुतेकांना १३० बाय ८० च्या आत. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, हात छातीच्या उंचीवर ठेवा, त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन मोजणी, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा आणि वही तपासणीला न्या.

डायलिसिसवरच घरी पाठवलं असेल तर

'आता कायमचंच' असं धरून बसू नका. ताज्या इजेनंतर काहींची किडनी सहा, आठ, बारा आठवड्यांनीही परत येते, आणि ती येतेय हे कुणीतरी बघत राहावं लागतं. आठवड्यातून एकदा २४ तासांची लघवी मोजा आणि डायलिसिसच्या आधीचं क्रिएटिनिन लिहून ठेवा. लघवी वाढत असेल आणि दोन डायलिसिसच्या मध्ये क्रिएटिनिन चढेनासं झालं असेल, तर पाळ्या कमी करता येतात का हे विचारा. युनिटमध्ये सांगा की यांची किडनी परत येण्याची आशा आहे. मशीनवर पाणी घाईने ओढलं आणि बीपी पडलं की भरत आलेल्या नळ्यांना पुन्हा तोच मार बसतो. ज्या हाताने काम करत नाही त्या हाताच्या मनगटापासून खांद्यापर्यंतच्या शिरा सुयांपासून जपा, फिस्टुलाची, म्हणजे डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडण्याची वेळ आलीच तर त्या लागतील. रक्त पंजाच्या मागून काढायला सांगा. डायलिसिससाठी मानेत घातलेल्या नळीजवळ पाणी लागू देऊ नका. मशीनवर बसल्यावर हुडहुडी भरून ताप आला तर नळीत जंतू शिरल्याचा संशय धरा आणि तिथेच सांगा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिस होतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा.

घोणस चावलेल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. घोणशीच्या विषाने कधी कधी किडनीच्या बाहेरच्या पट्ट्यातलं रक्त गोठून तो पट्टाच मरतो. ही इजा नळ्यांच्या इजेपेक्षा खोल असते आणि बऱ्याचदा अर्धवटच भरते. लघवी दोन-तीन आठवडे अजिबात होत नसेल तर या शक्यतेबद्दल विचारा. अशांनी तीन महिन्यांची तपासणी ठीक आली तरी पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी ईजीएफआर, एसीआर आणि बीपी बघावं. लेप्टोत उलट फसगत होते. लघवी भरपूर होत असते आणि तरीही क्रिएटिनिन चढत असतं. 'लघवी होतेय म्हणजे किडनी ठीक' ही खूण तिथे चालत नाही.

वाट न बघता रुग्णालय गाठायचं ते या वेळी: सहा तास लघवी झाली नाही, दम लागून आडवं होता येत नाही, पाय गळून गेले आणि छातीत धडधड होतेय, गुंगी आलीय, किंवा लघवी चहासारखी काळपट झालीय. धडधड आणि गळाठा पोटॅशियम वाढल्याने असू शकतो. त्याला घरी उपाय नाही.

तीन महिन्यांनी सगळं चांगलं निघालं तरी वर्षातून एकदा ईजीएफआर, एसीआर, बीपी. वाढदिवसाचा किंवा बैलपोळ्याचा, जो लक्षात राहील तो महिना धरा. आणि पाकिटात आधारकार्डाच्या मागे एक चिठ्ठी कायम ठेवा: 'किडनीला इजा, महिना व वर्ष, कारण, सर्वांत जास्त क्रिएटिनिन, आताचं क्रिएटिनिन, तारखेसह, डायक्लोफिनॅक गटातलं काहीही देऊ नये.' शुद्धीवर नसलेल्या माणसाला कॅज्युअल्टीत दुखण्याचं इंजेक्शन भरताना नर्सताईंच्या हाती हा कागद पडला पाहिजे.